नंबर बाहेरच्या बाजूला

काळी पट्टी. नखाएवढी. वायरिंगच्या टेपची, मीटरच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात चिकटवलेली, एका बाजूने जराशी सुटलेली — आणि त्या फटीतून पिवळा उजेड येत होता. देवरामने नख घालून ती ओढली तसा खालचा ब्रेकच्या सेन्सरचा दिवा उघडा पडला. इंजिन चालू केल्यावर बाकीचे दिवे एकेक करून विझले होते. हा विझला नव्हता. पट्टी आता त्याच्या बोटाला चिकटली होती, झटकली तरी जाईना. लबाडी, तो मनात म्हणाला, आणि हा शब्द आपल्या तोंडात किती तयार होता याचं त्याला जरासं नवलच वाटलं.

"हे कुणी लावलं, बाई?"

"ठाण्याच्या गॅरेजवाल्याने," मायाबाई म्हणाल्या. "दोनदा सेन्सर बदलला. तिसऱ्यांदा गेले तर म्हणतो, मॅडम, दिवा दिसलाच नाही तर टेन्शन कशाला? देवरामभाऊ, मी तीस वर्षं शाळेत काढली. असली उत्तरं देणारी मुलं मी बाकावर उभी केली आहेत."

"मग याला पण करायचं होतं."

"त्याच्याकडे बाक नव्हता." बाई हसल्या नाहीत. "हे बघा, मला दर रविवारी बहिणीकडे कळव्याला जावं लागतं, ती अंथरुणाला खिळलेली आहे. गाडी मी शिकले छप्पन्नाव्या वर्षी. मला एवढंच सांगा — दिवा खरं बोलतोय की खोटं? पट्टी लावायची की नाही ते मग मी ठरवीन."

खरं तर नाही म्हणायचं होतं. वायरींचं काम त्याने गेल्या अकरा वर्षांत घेतलं नव्हतं. असली गाडी आली की तो समोरच्या चहावाल्याकडे बघत म्हणायचा, ते आपल्याकडे नाही, आपल्याकडे लोखंडाचं काम. पण या बाईंनी त्याच्या पोरीला दहावीच्या वर्षी दोन महिने स्वतःच्या घरी बसवून गणित शिकवलेलं, आणि त्यांना नाही म्हणायला जीभ उचलली नाही. संध्याकाळी या, तो म्हणाला. बाई रिक्षाने गेल्या, आणि ठाकुर्लीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तो, गाडी आणि पिवळा दिवा एवढेच उरले.

म्हणजे आता डबा काढावा लागणार.

बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, मागच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर. तो तिथे आहे हे त्याला रोज माहीत असायचं, घरात आजारी माणूस असल्यावर त्याचं माहीत असतं तसं. झाकणावर जाड पेनाने लिहिलेलं — जगन, आणि खाली मोबाइल नंबर. आत स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र. वायर जगनच्या पद्धतीने गुंडाळलेली : आधी हाताच्या पंजाभोवती, मग मधोमध दोन आडवे वेढे. अकरा वर्षं तशीच. त्या दिवशी एवढं ऐकून घेतल्यावरही या माणसाने वायर नीट गुंडाळून ठेवली होती, उद्या परत यायचं असल्यासारखी... देवरामने वेढे सोडले आणि सोडता सोडता वाटलं, आता हे परत तसे बसायचे नाहीत.

धोंडीबा उस्तादांकडे दोघं एकाच पावसाळ्यात लागले होते. पत्री पुलाजवळ गॅरेज. म्हणजे एक वडाचं झाड आणि त्याखाली एक खड्डा. जगन खडवलीचा, हा चोळेगावच्या चाळीतला. उस्ताद दोघांना एकच पाना द्यायचे, भांडा म्हणायचे. सोमवारी सुट्टी, पण सुट्टीच्या दिवशीच उस्ताद दुरुस्त केलेली जीप घेऊन खडवलीला निघायचे, नदीकडे जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर ब्रेक तपासायला. दणकन ब्रेक मारायचे आणि खाली उतरून रस्त्यावर उमटलेले टायरचे दोन काळे पट्टे पावलांनी मोजायचे. डावा नऊ पावलं, उजवाही नऊ — पास. एक पाऊल जरी कमीजास्त असलं तरी तिथेच चाक उघडायचं, उन्हात. जगन तर रस्त्यावर पालथा पडून गाल टेकवून पट्ट्यांची रेघ बघायचा. मग नदीत पोहणं, मग जगनच्या आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट. अजून कुठे सुकट भाजल्याचा वास आला की मला आधी टायर जळल्याचा वास आठवतो, नंतर भाकरी. हे कुणाला सांगायचं? ज्याला कळलं असतं तो...

जाऊ दे. काम.

स्कॅनर जोडला. बराच वेळ नुसता काळा पडदा, मग चारही चाकांचे वेग दाखवणारे चार रकाने आले. एकेक चाक जॅकवर उचलून तो हाताने फिरवत गेला. मागचं डावं : तीन, चार, तीन. मागचं उजवं : चार. पुढचं उजवं : तीन. पुढचं डावं : शून्य. जोर लावून फिरवलं, खांदा दुखेपर्यंत. शून्य. चाक डोळ्यांदेखत गरगरतंय आणि स्कॅनर म्हणतोय ते उभं आहे. म्हणजे दिवा खरं बोलत होता, बाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. अशा गाडीचे साधे ब्रेक लागतात. पण जोरात दाबल्यावर चाक अडकून घसरू नये म्हणून जी यंत्रणा असते, ती या शून्यामुळे बंद पडलेली.

सेन्सर तर नवा. वायर त्याने मल्टिमीटर लावून तपासली, जगन करायचा तशी, टोकापासून टोकापर्यंत, हलवून, ताणून. धड होती. मग उजव्या चाकाचा चालता सेन्सर काढून डावीकडे लावला. तरी शून्य. म्हणजे सेन्सर बिचारे सज्जन, आणि ठाण्याच्या त्या महाशयांनी दोन-दोन सेन्सर फेकून दिले. चोर सोडून संन्याशाला फाशी! देवराम मोठ्याने हसला. शेडमध्ये ऐकायला कुणी नव्हतं.

हसू ओसरलं तेव्हा तो उजव्या चाकाच्या सेन्सरच्या भोकात बॅटरीचा उजेड पाडून बघत होता. आत बेरिंगची कड दिसत होती आणि तिच्यावर गंजाची बारीक भुकटी बसली होती, एकसारखी, चिकटून. डावीकडे बघितलं. लख्ख. धूळ नाही, भुकटी नाही, नुसतं चकचकीत लोखंड. दोन्ही चाकं एकाच रस्त्यावर चाललेली, एकाच चिखलातून गेलेली... मग एकाच्याच अंगाला भुकटी का चिकटावी? शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं, तिथे बायकोने टाचणी लावली होती. ती काढून त्याने दोऱ्याला बांधली आणि उजव्या भोकात सोडली. टाचणी कडेकडे ओढली गेली. हळूच, पण गेली. डावीकडे सोडली, ती सरळ लोंबत राहिली.

या वेळी त्याला काही कळलं नव्हतं, हे खरं. पण मनाच्या मागच्या बाजूला काहीतरी हललं होतं, आणि बेरिंग उघडायचं ठरवताना हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होते, हेही खरं.

बेरिंग दाबून काढायला प्रेस लागतो. त्याचा स्वतःचा प्रेस त्याने कधीच विकला होता. जगन सोडून गेल्यावर, जागा अडते म्हणून. तेव्हापासून असलं काम दोन गल्ल्या पलीकडे भगवानच्या लेथवर. चाकामागचा तो जड भाग सोडवून, गोणपाटात गुंडाळून, खांद्यावर घेऊन देवराम गेला, वाटेत दुकानातून नवं बेरिंगही घेतलं. भगवान चाळिशीचा, बडबड्या, मशीन चालू असताना ओरडून बोलायची सवय लागलेली आणि मशीन बंद असतानाही तसाच ओरडणारा. त्याने प्रेस मारला. बेरिंग कुरकुरत बाहेर आलं.

नंबर बाहेरच्या बाजूला होता.

देवरामच्या छातीत एकदम ऊब आली. अरे, हा तर आपल्यातला! बेरिंगच्या एकाच अंगावर नंबर छापलेला असतो, आणि धोंडीबा उस्तादांचा नियम होता : नंबर बाहेर ठेवायचा. आपल्यानंतर जो कुणी चाक उघडेल त्याला वाचता आला पाहिजे, बिचाऱ्याला मापं घेत बसायला नको. तो कोण असेल? आपल्याला काय माहीत. पण तो आपला भाऊच की! उस्ताद हे पहिल्या आठवड्यात सांगायचे, पाना हातात द्यायच्या आधी. बेरिंगला तोंड नसतं पाठ नसते, कसंही बसवा, चालतं. मग दुसऱ्याची सोय बघायला काय जातं? ... ही गाडी कुणी उघडली असेल? उस्तादांकडचाच उत्तम असेल, मुरबाडकडे गेलेला? अजून कुणी जिवंत आहे तर, नंबर बाहेर ठेवणारं. त्याने बेरिंग कौतुकाने हातात फिरवलं, नंबरवरून अंगठा फिरवला आणि ते लेथशेजारच्या फळीवर ठेवलं, नंबर खाली करून.

उचललं तेव्हा नंबरच्या बाजूला दाढी आली होती.

फळीवर लोखंडाचा कीस पडलेला. त्या बाजूला तो गोल गोल चिकटला होता, उभा, केसासारखा. देवरामने बेरिंग उलटं करून दुसरी बाजू किसात टेकवली. काही नाही. परत पहिली. दाढी.

"काय खेळताय काका?" भगवान ओरडला. "चुंबकवाली बाजू आहे ती. सेन्सर तीच वाचतो ना. ती आत जाते. तुमच्या गाडीवाल्याने उलटं मारलंय. कुणी केलं काम?"

"हे... तुला कधीपासून माहीत?"

"कधीपासून म्हणजे? सगळ्यांना माहीत आहे. दहा वर्षं तुमची सगळी बेरिंगं मीच तर मारतो."

"नंबर आत ठेवून?"

"नंबर कोण बघतं, काका! चुंबक आत. बस."

देवराम स्टुलावर बसला. भगवान पाणी देऊ का म्हणाला असावा.

पांढरी गाडी होती ती. अकरा वर्षांपूर्वीची दिवाळी सरलेली, लग्नसराई लागलेली. गिऱ्हाइकाच्या भाचीचं लग्न संगमनेरला, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. पुढच्या चाकात घरघर होती, बेरिंग बदललं, ते कुणी बदललं? मी. प्रेस मी मारला. फडक्याने पुसून जगनला हाक मारून दाखवलं, बघ, उस्ताद असते तर खूश झाले असते, लांबून नंबर वाचता येतोय. जगन हसला. मग गाडी चालू केली आणि ब्रेकचा दिवा लागला. रात्र होईपर्यंत जगनने वायरी तपासल्या, सेन्सर तपासला, परत परत. शेवटी तो खाली बसून म्हणाला — हळू आवाजात, मला आत्ता तो आवाज जसाच्या तसा ऐकू येतोय — "देवा, चिडू नकोस. वायरीत काहीच नाहीये. दिवा बेरिंगनंतर लागला. परत उघडून बघू या का?"

परत उघडून! माझं काम!

नाकाला मिरच्या झोंबल्या. पत्री पुलापासून ठाकुर्लीपर्यंत देवरामचं काम कुणी परत उघडलं नव्हतं. तुझ्या हातात दोष आहे, मी म्हणालो. वायरी सांभाळता येत नाहीत आणि माझ्या बेरिंगवर ढकलतोस? सकाळी मी आलो तर गिऱ्हाईक निघायच्या तयारीत आणि मीटरवर काळी पट्टी. जगनने लावलेली. ती दिसली मात्र, आणि गिऱ्हाइकासमोर, त्याच्या बायकापोरांसमोर, समोरच्या चहावाल्यासमोर मी ओरडलो : लबाड! माझ्या गॅरेजमध्ये असली लबाडी चालायची नाही! गिऱ्हाईक म्हणत होतं, अहो, त्यांनी मला सगळं सांगितलंय, साधे ब्रेक चालू आहेत, सावकाश चालवा, आल्यावर बघू. आमची म्हातारी दिवा बघून घाबरते म्हणून मीच लावायला सांगितली... कोण ऐकतो? जगनने माझ्याकडे एकदा बघितलं. मग वायर गुंडाळली, स्कॅनर डब्यात ठेवला आणि गेला.

आणि त्यानंतर अकरा वर्षं मी ही गोष्ट सांगत आलो. बायकोला, व्याह्यांना, चहाच्या टपरीवर. नवीन कुणी भेटलं की हटकून. जगन माणूस हुशार, पण लबाड निघाला हो. इतक्या वेळा सांगितली की तिच्यातला तो हळू आवाज गळूनच गेला. परत उघडून बघू या का. एवढंच तर म्हणाला होता तो. एक तासाचं काम होतं. उघडलं असतं तर दोघांनाही किसाची दाढी दिसली असती, दोघंही पोट धरून हसलो असतो, आणि... आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माझं बेरिंग बाब्या आणि जगन कार्टं.

उस्तादांचं चुकलं म्हणावं, तर तेही म्हणायला जीभ धजत नाही. त्यांच्या वेळी बेरिंगला तोंड नव्हतं, एवढंच. आणि ज्याने बाईंच्या गाडीचं बेरिंग उलटं बसवलं त्याने तरी काय पाप केलं? मागून येणाऱ्याची सोय बघितली. मीही तीच बघितली होती. चूक बेरिंगमध्ये नव्हतीच माझी. चूक नंतर होती, दुसऱ्या दिवशी सकाळी, तोंडात.

"काका, नवीन मारू का?" भगवान ओरडला. "आणलंय ना?"

"मी मारतो."

चुंबक आत, नंबर आत. प्रेसचा दांडा ओढताना त्याचे दात आवळले गेले. पंचेचाळीस वर्षांची सवय मनगटात बसलेली, ती बेरिंग उलटं फिरवा म्हणत होती. नंबर आत जाऊन कायमचा दिसेनासा झाला. मग देवरामने भगवानकडून पांढरा रंग आणि काडी मागून घेतली आणि लोखंडावर, चाक काढलं की पहिली नजर जाईल अशा जागी, लिहिलं : नंबर आत आहे. खाली तो नंबरही लिहिला, ठळक.

"हे कुणासाठी?" भगवानने विचारलं.

"जो उघडेल त्याच्यासाठी."

चार वाजता गाडी जोडून झाली. किल्ली फिरवली, दिवे लागले, एकेक विझले. पिवळाही विझला. इतक्या साध्या रीतीने विझला की देवरामला राग आला.

बाई लवकर आल्या. मीटरकडे बघितलं, चष्मा सारखा करून परत बघितलं. "म्हणजे दिवा खरं बोलत होता."

"हो बाई."

"चूक कुणाची होती?"

असा प्रश्न विचारतील हे त्याला ठाऊक होतं. त्या उत्तराखाली रेघ मारल्याशिवाय वही बंद करणाऱ्यातल्या नव्हत्या. "बेरिंग उलटं बसलं होतं," तो म्हणाला. "बसवणारा माणूस वाईट नव्हता. जुन्या वळणाचा होता."

"वाईट कोण म्हणतंय? पण त्याला कुणी सांगितलं का? न सांगितलं तर तो आयुष्यभर उलटंच बसवत राहील."

"आज कळलंय त्याला," देवराम म्हणाला, आणि बाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. एक फेरी मारून येतो, तुम्ही बसा, चहा घ्या, असं काहीतरी पुटपुटत तो गाडीत शिरला.

खाडीकडे जाणारा रस्ता या वेळी मोकळा असतो. मोकळा पट्टा आल्यावर त्याने मागे बघितलं, वेग वाढवला आणि दणकन ब्रेक दाबला, उस्ताद दाबायचे तसा. पायाखाली पेडल थडथडू लागलं. क्षणभर त्याचा पाय आपोआप वर यायला निघाला — आणि शेजारच्या रिकाम्या सीटवरून जगन ओरडला. अशा ब्रेकची पहिली गाडी गॅरेजमध्ये आली तेव्हा ओरडला होता तसाच. पाय काढू नकोस, देवा! थरथरतंय म्हणजे काम करतंय. दाबून ठेव!

गाडी सरळ उभी राहिली. तो उतरून मागे चालत गेला, पट्टे मोजायला. रस्त्यावर काही नव्हतं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. चाकं अडकलीच नव्हती, तर पट्टे कुठून उमटणार? तरी तो नऊ पावलं चालला, मनात मोजत, आणि दहाव्याला थांबला. गाल टेकवून बघायला शेजारी कुणीतरी हवं होतं. इतकं हवं होतं की एकसष्ट वर्षांचा देवराम भर रस्त्यात शर्टाच्या बाहीने डोळे पुसत उभा राहिला. एक स्कूटरवाला हॉर्न मारून गेला.

डब्याचं झाकण तो बरोबर घेऊन निघाला होता. कधी उचललं, आठवत नव्हतं. मागच्या सीटवर पडलेलं होतं. नंबर अकरा वर्षांपूर्वीचा. बदलला असेल. जगनने तिकडे खडवलीला पंपाच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायचं दुकान टाकलंय असं कुणीसं म्हणालं होतं, तेही चार वर्षं झाली. उचलला तर बोलायचं काय? गाडीचं सांगायचं आधी? की सरळ... माझंच उलटं बसलं होतं, जगन. त्याने हे वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. रिकाम्या गाडीत ते भलतंच लहान वाटलं, अकरा वर्षं सांगितलेल्या गोष्टीपुढे तर फारच लहान. पण दुसरं कुठलं वाक्य होतं?

आकडे दाबताना एकदा चुकला. झाकण काचेला टेकवून परत पहिल्यापासून दाबले. पलीकडे रिंग वाजू लागली. एकदा, दोनदा. फोन धरलेला हात कानाशी थरथरत होता, पार कोपरापर्यंत. तिसऱ्यांदा. ठेवून द्यावा असं त्याला फार फार वाटलं.

त्याने हात काढला नाही.